वाघजाईची तक्तपोशी

वाघजाईच्या पायरीवर चपला काढल्या, पाऊल टाकलं, आणि तळवा पोळला. काळा ग्रॅनाइट. वैशाखातलं ऊन अजून माथ्यावर आलंही नव्हतं, तरी पायरी तव्यासारखी तापली होती. आमच्या वाडीच्या देवळात शिरताना पाय पोळतो, हे मला अजून अंगवळणी पडत नाही. पडू नये अशीच माझी इच्छा आहे.

आज नव्या देवळाचा वर्धापनदिन. मी महाडला असते, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. शाळेतली नोकरी संपल्यावरही तिथेच राहिले. वाडी पोलादपूरच्या वर, घाटाच्या कुशीत. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, फोन करून बजावलं होतं, "या वेळी यायचंच. सगळ्यांसाठी सरप्राइज आहे." दादा आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. उभी हयात मुंबईत काढून गावी परतलेल्या पुरुषांचं हे मंडळ. देऊळ त्यांनी बांधलं. म्हणजे, आधी पाडलं.

आत गेले. भिंतींना थेट छतापर्यंत टाइल्स, न्हाणीघराला लावतात तशा, त्यांवर निळे मोर. स्टीलचे कठडे. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, देवीच्या मूर्तीहून उंच. वर काँक्रीटचा स्लॅब, त्याला चिकटवलेली प्लास्टरची पांढरी फुलं. दोन्ही कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे काळे स्पीकर. कुणीतरी प्रसादाचं ताट जमिनीवर ठेवलं, तर तो टणत्कार या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिला, खोलीत कोंडलेलं पाखरू आपटतं तसा. बायका आपसांत बोलत होत्या आणि कुणाचं कुणाला कळत नव्हतं. सगळ्या एकमेकींना "काय?", "काय गो?" असं विचारत होत्या.

आरती सुरू झाली. मी डोळे मिटले. इथं उभी राहिले की मला संताप येतो, आणि संतापाच्या पाठोपाठ हटकून तो जुना वास येतो.

सागाच्या लाकडाचा, वर्षानुवर्षं तेलाचा धूर प्यायलेल्या. सारवलेल्या जमिनीचा. पावसात ओल्या झालेल्या घोंगड्यांचा, बुक्क्याचा, आणि माळ्यावर राहणाऱ्या पाकोळ्यांचाही. जुनं देऊळ बसकं होतं. उतरत्या कौलांचं छप्पर इतकं खाली यायचं, की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागे. तीन बाजूंनी लाकडी गजांची जाळी. गजांच्या पट्ट्यापट्ट्यांतून ऊन आत यायचं आणि बसलेल्या बायांच्या पाठींवर रेघा ओढायचं. आणि वर तक्तपोशी. फळीला फळी जोडून केलेलं लाकडी छत, मधोमध एक कोरलेलं कमळ, धुरानं काळंभोर झालेलं. आम्ही पोरी उताण्या पडून त्या कमळाच्या पाकळ्या मोजायचो आणि प्रत्येकीची मोजणी वेगळी यायची.

त्या तक्तपोशीखाली गाणं व्हायचं. दुपारी. आणि बायांचं.

हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नव्या देवळाच्या पत्रिकेत छापलं होतं की वाडीला पुरुषांच्या भजनाची मोठी परंपरा आहे. कसली परंपरा? पुरुष होतेच कुठं? कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हॉटेलात. वाडीत उरायच्या बाया, म्हातारे आणि आम्ही. पुरुष शिमग्याला यायचे, पालखी नाचवायचे, चार दिवस देऊळ दणाणून सोडायचे आणि परत जायचे. बाकी वर्षभर देवीपुढं दिवा कोण लावत होतं, जमीन कोण सारवत होतं, गात कोण होतं? लावणी उरकली की श्रावणातल्या झडीत, कापणी झाल्यावर पेंढ्याच्या वासात, माघातल्या कोरड्या वाऱ्यात, बाया जेवणं आटपून देवळात जमायच्या. टाळांची एक जोडी आणि बाकी सगळे तळहात.

त्यांच्यात मधोमध आमची आत्या. बाबांची बहीण, भागूआत्या. लहान वयात कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. आम्हा दोघांची आई गेली, तेव्हा दादा आणि मी तिच्याच पदराखाली वाढलो. उंच, काळीसावळी, हाताच्या शिरा दोरीसारख्या. बोलायची कमी. घरात तिचा आवाज घोगरा वाटायचा, विहिरीवर तर कुणाला ऐकूही जायचा नाही. पण देवळात ती एक हात कानाशी नेऊन डोळे मिटायची, आणि पहिला सूर लावला की वरच्या फळ्या तो उचलून धरायच्या. मला दुसरं सांगता येत नाही. तो सूर वर जायचा, काळ्या कमळाला टेकायचा आणि मऊ होऊन सगळ्यांच्या डोक्यावर उतरायचा. खांबाला पाठ टेकून बसलं तर तो खांबातूनही पाठीत यायचा. बाहेर पावसाचा धबधबा चाललेला असायचा, आणि आत तिचा एकेक शब्द सुटा, नितळ. ती अभंग म्हणायची, गौरीची गाणी म्हणायची, आणि शेवटी हमखास जात्यावरच्या ओव्या. त्या ती स्वतःच जुळवायची.

डोंगराच्या वाटं माझी सावली पुढं गेली
घरी पोचायाच्या आदी तिनं चूल पेटवली

ही मला पाठ आहे. दादालाही पाठ होती. ताप आला की तो तिला हीच म्हणायला लावायचा.

त्याच दादानं एका मे महिन्यात वाडीची सभा घेतली. मंडळाची तेव्हा अजून मुंबईतच असलेली माणसं आली होती, इंजिनिअरकडून काढलेलं रंगीत चित्र घेऊन. सभेत बाया मागं बसल्या होत्या, चहा द्यायला म्हणून. देऊळ जुनं झालंय, वाळवी लागलीय, शेजारच्या वाडीनं दोन मजली कळस चढवलाय, आपण मागं राहायचं का, असं दादा बोलला. टाळ्या पडल्या. आत्या मागून उभी राहिली.

"वालवी कुटं लागलीय रे? दाकव मला."

"अगं आत्ये, लागली नसली तरी लागेल. लाकूड आहे ते."

"लाकूड हाय म्हनूनच म्हनते. कौलं फिरवून घ्या. मी येते हाताखाली."

लोक हसले. दादाही हसला. "आत्ये, तुला काय त्रास आहे? बसायला फॅन लागतील. गायला माइक मिळेल. तुझा आवाज खाली पोलादपुरात ऐकू जाईल."

"पोलादपुरात कोन हाय माझं?" आत्या म्हणाली. मी उठून बोलले, की ज्या इथं रोज बसतात त्यांना एकदा विचारा. एका मंडळवाल्यानं मला समजावलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी विकासाच्या आड येऊ नका." विकास! हा शब्द ऐकला की अजून माझी कानशिलं तापतात.

पाडापाडी झाली तेव्हा मी तिथं होते. कौलं उतरवली आणि ऊन पहिल्यांदाच थेट तक्तपोशीवर पडलं. उन्हात ती काळी दिसत नव्हती. मधासारखी दिसत होती, फळ्यांचे सगळे रेषाळ डोळे उघडे. मग पहार बसली. लाकूड मोडतानाही त्याचा आवाज गोड होता, याचाच मला जास्त राग आला. फळ्या टेम्पोत चढल्या. कुठं गेल्या, विचारलं, तर "जुनं लाकूड घेणारे असतात," इतकंच उत्तर. आत्या आली नव्हती. ती नाचणीच्या शेतात तरव्याची जमीन भाजायला पालापाचोळ्याचा राब रचत बसली होती, पाठ देवळाकडे करून. मी जवळ गेले तर म्हणाली, "गेलं का गो?" मी हो म्हटलं. राब रचायचा तिचा हात थांबला नाही.

नव्या देवळाच्या उद्घाटनाला तिला गायला बसवलं. जरीचं लुगडं नेसवून, पुढ्यात माइक ठेवून. तिनं नेहमीसारखा कानाशी हात नेला आणि सूर लावला. स्पीकरनं तो फेकला, टाइल्सनी तो परत फेकला, स्लॅबनं खाली दाबला. दुसरा शब्द निघायच्या आत पहिला माघारी येऊन त्याच्यावर आदळला. पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसं झालं. ती थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग कर्कश शिट्टी वाजली, लोकांनी कान झाकले, आणि माइकवाला ओरडला, "आजी, तोंड जवळ घ्या!" आत्या उठली आणि पदर सावरत बाहेर गेली. दादा म्हणाला, "वय झालं आता तिचं." लगेच पुढचा कार्यक्रम लागला, महाडहून आणलेला ऑर्केस्ट्रा.

वय झालं! तिचा गळा कुणी चिरला ते पुढ्यात दिसत होतं, आणि हा माणूस तिचं वय काढत होता.

त्या दिवसापासून ती गायची बंद झाली. देवळातच नव्हे, घरातही. दुपारचं जमणं मोडलं. नव्या देवळाला दुपारी कुलूप असतं, कारण आत दानपेटी आहे.

हे असंच संपलं असतं. पण दादाची मुलगी, मृणाल. ती मुंबईत वाढली, गाणं शिकली, आणि काही मित्रमैत्रिणी मिळून जुन्या वास्तूंमध्ये मैफली करतात, त्यांच्यात गाते. बहुतेक मैफली चर्चमध्ये. मागच्या हिवाळ्यात ती वाडीत आली, आत्याच्या ओटीवर बसली आणि म्हणाली, "आत्याआजी, तू चल. आमच्या मैफलीत गा. तिथं माइक नसतो."

"माइक नसतो?" आत्यानं एवढंच विचारलं.

दादानं आकाशपाताळ एक केलं. "चर्चमध्ये? वाघजाईपुढं गाणारी बाई चर्चमध्ये बसवणार? मंडळात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

आत्या तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी माझं देऊल ठेवलंत का? मग कुटं गायचं ते माझं मी बघीन."

मी तिला मुंबईला घेऊन गेले. चर्च दगडी होतं, जुनं, माडांच्या मधे. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थिजले. वर लाकूड होतं. उंच, दोन्हीकडून निमुळतं होत गेलेलं, काळसर तुळयांचं छत, उलट्या होडीसारखं. जुन्या बाकांना मेणाचा आणि तेलपाण्याचा वास होता. रंगीत काचांतून दुपारचं उतरतं ऊन फरशीवर सांडलं होतं. आत्यानं चपला दाराबाहेरच काढल्या होत्या. तिथले म्हातारे फादर पुढं आले. मराठी बोलत होते, आपल्यासारखंच. म्हणाले, "आजी, घालून या, चालतं इथं." ती म्हणाली, "असू द्या. पायाला कलू दे कुटं आलोय ते."

तिनं आधी एका बाकावर हात फिरवला. मग मान वर करून बराच वेळ छताकडे बघत राहिली. फादरांनी विचारलं, "काय बघता?"

"ह्ये कवाचं?"

"माझ्या आजोबांच्याही आधीचं. दर पावसाळ्याआधी वर चढून तपासतो. एखादी फळी खराब झाली तर तेवढी बदलतो."

"तेवडीच?"

"तेवढीच."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी विसरणार नाही.

संध्याकाळी माणसं जमली. व्हायोलिनवाले होते, मृणाल आणि तिच्या सोबतिणी गायल्या. मग आत्या उठली. नऊवारी साधंच, घरचं. वेदीच्या बाजूला, जिथं फादरांनी दाखवलं तिथं अनवाणी उभी राहिली. हात कानाशी नेला.

इतकी वर्षं न वापरलेला गळा पहिल्यांदा खरखरला. लोक चुळबुळले. तिनं पुन्हा श्वास घेतला, आणि या वेळी सूर वर गेला. त्याला खूप लांब जावं लागलं, आमच्या तक्तपोशीपेक्षा कितीतरी उंच. मी मुठी आवळून वाट पाहत होते. तो टेकला. आणि उतरला. सावकाश, अख्खा, एकही शब्द न सांडता. आत्यानं डोळे उघडले. गाताना ती कधी डोळे उघडत नसे. ती वरच बघत होती, जुनं माणूस गर्दीत दिसावं तसं. मग तिनं ओव्या सुरू केल्या, आणि ती सावलीची ओवी आली तेव्हा मी रडत होते. पण खरं सांगते, ते सुखाचं रडणं नव्हतं. माझ्या दातांवर दात बसले होते. हे आमच्याकडे होतं. घाटाच्या कुशीत, फुकट, रोज दुपारी, कुणाही बाईसाठी. आम्हाला मुंबईत येऊन परक्याच्या दारात उभं राहून ते पुन्हा बघावं लागत होतं, कारण या लोकांनी जपलं आणि आमच्या लोकांनी टेम्पोत भरलं.

टाळ्या थांबेनात. एक बाई येऊन आत्याचे हात धरून म्हणाली, "किती ऑथेंटिक! गावात अजून हे सगळं आहे, किती छान ना!" आत्याला तो शब्द कळला नाही. मला कळला. मी म्हटलं, "नाहीये. मोडलं. टाइल्स लावल्या." ती बाई अवघडून हसली आणि सरबताकडे वळली.

परतीच्या गाडीत माणगाव आलं. तेव्हा आत्या म्हणाली, "तितं पन आवाज मागं येतो गो. पन हात धरून येतो. ढकलीत नाय." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "तेवडीच फली बदलतात." आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे जबडे हलत होते, काही चावत असल्यासारखे.

मृणालनं त्या गाण्याचं रेकॉर्डिंग कुठंतरी टाकलं. ते फिरलं. वाडीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आलं, मुंबईतल्या पाहुण्यांकडून, बिरवाडीच्या कारखान्यातल्या पोरांकडून, कुणाकुणाकडून. चर्चचं नाव घेऊन तोंड वाकडं करणारे आता "आमची भागूआत्या" म्हणून ते पुढं पाठवू लागले.

नव्या देवळात आरती संपली. मी डोळे उघडले. दादानं माइक हातात घेतला होता.

"आपल्या वाडीची शान, माझी आत्या, आज सगळीकडे पोचली आहे," त्याचा आवाज भिंतींवर आपटत म्हणाला. "मंडळानं ठरवलंय, आजपासून रोज पहाटे आणि संध्याकाळी वाघजाईच्या देवळात आत्येचं गाणं वाजेल. कायमस्वरूपी."

टाळ्या. तर हे ते सरप्राइज. मी दाराकडे पाहिलं. आत्या उंबऱ्याबाहेर, बायांच्या घोळक्यात बसली होती. ती आत बसत नाही. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

स्पीकर खरखरले आणि तिचा आवाज सुरू झाला. त्या उंच लाकडाखाली उतरलेला तो आवाज. आता तो काळ्या खोक्यांतून सुटला, मोरांवर आदळला, स्लॅबवरून खाली कोसळला. तिथं मागून हळूच आलेला सूर इथं दुहेरी, तिहेरी झाला. सावली, डोंगर, चूल, सगळं एकात एक कालवलं गेलं. कुणीतरी म्हणालं, "आवाज वाढवा." कुणीतरी वाढवला.

आत्या उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. उंबरा ओलांडून आत आली. पुरुष बाजूला सरकले. काहींना वाटलं ती देवीच्या पाया पडायला चालली असावी आणि त्यांनी हातही जोडले. ती देवीसमोरून सरळ पुढं गेली, कोपऱ्यातल्या स्पीकरपाशी. वाकली, दोन्ही स्पीकरना जोडलेली वायर हातात घेतली, ती भिंतीपर्यंत कुठं जाते ते बघितलं, आणि विळ्यानं गवत ओढावं तशी एका हिसक्यात उपटली.

जी शांतता झाली तिच्यातही थोडा वेळ तिचा आवाज भिंतींत घुमत राहिला. मग तोही विझला.

दादाचा चेहरा पडला होता. मुंबईची सगळी भाषा त्याच्या तोंडून गळून गेली. "आत्ये, काय केलंस गो? तुजाच आवाज हाय तो."

"माझाच हाय. म्हनूनच." तिनं वायर त्याच्या पायाशी टाकली. "जिती हाय रे मी अजून. मेल्यावर लाव. तेवा मला ऐकाय लागनार नाय."